तिचे पैसे तुझ्या कपाटात नकोत

वाचक मैत्रिणीचं पत्र, जागेपुरतं कापून:

"ताई, मी डिचोलीत राहते, एका खासगी कंपनीत हिशेबनीस आहे. माझी शाळेपासूनची मैत्रीण साखळीजवळ दिली आहे. नवऱ्याचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, पूर्वी खाणीवर ट्रक होता. माणूस वाईट नाही. पीत नाही, हात उचलत नाही. पण घरातला पैसा म्हणजे त्याचं खातं. मैत्रीण चतुर्थीला नेवऱ्या, लाडू, चकल्यांच्या ऑर्डरी घेते, वर्षभर मसाला करून विकते. गिऱ्हाइकं पैसे टाकतात ते नवऱ्याच्या क्यूआर कोडवर. गृह आधारचे, म्हणजे गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे पैसे तिच्या नावावरच्या खात्यात येतात, पण पासबुक आणि कार्ड दुकानाच्या गल्ल्यात. काही विचारलं की एकच उत्तर, 'घोवाक विचारून सांगतां.' गेल्या महिन्यात टेम्पोसाठी कर्ज काढलं, त्या कागदांवर तिने सह्या केल्या. किती कर्ज, किती वर्षांचं, तिला पत्ता नाही. माझं डोकं फिरलं. आर्थिक स्वातंत्र्यावरचे व्हिडिओ पाठवले, एसआयपीबद्दल (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकणं) तासभर सांगितलं, आणि शेवटी 'तू अडाणीच राहणार' असं बोलून गेले. पंधरा दिवस तिने फोन उचलला नाही. मग एक दिवस आपणहून आली, रोखीच्या ऑर्डरींतून साठवलेले अठरा हजार माझ्या हातात ठेवले, म्हणाली, 'हे तुजेकडेन दवर.' ते माझ्या कपाटात आहेत. ठेवू का? तिला शिकवायचं कसं? मी तिच्या संसारात नाक खुपसतेय का? तिची मुलगी तेरा वर्षांची आहे, निदान तिला तरी शिकवू का? (लग्न गोव्यातच झालं, सह्या इथल्याच, लग्नाआधी करार वगैरे काही नव्हता.)
एक मैत्रीण, डिचोली"

ताई म्हणतेस, तेव्हा अगं-तुगंच करते. आधी कपाटातल्या पैशांचं, कारण ते या आठवड्यात मार्गी लागण्यासारखं आहे. ठेवू नकोस.

तिने तुझ्यावर विश्वास टाकला हे खरं, आणि तू अडाणी म्हटल्यावरही टाकला, म्हणजे मैत्री जाड कातडीची आहे. पण तिच्या बाजूने बघ. आजवर तिचा पैसा नवऱ्याच्या गल्ल्यात होता, आता त्यातला थोडा मैत्रिणीच्या कपाटात आला. तिच्या हातात अजून आलेलाच नाही. उद्या तिला दोन हजार लागले तर ती तुझ्या दारात उभी राहणार, आणि तू विचारणार, "कशाला हवेत?" विचारशीलच, हिशेबनीस आहेस. ती कारण सांगेल. तुला ते पटेल किंवा पटणार नाही. झालं, घोवाच्या जागी तू. शिवाय या व्यवहाराला कागद नाही. तुझं काही बरंवाईट झालं तर तुझ्या घरचे ते पैसे तुझेच समजणार, आणि ती बिचारी तोंड उघडणार नाही. आपल्याकडच्या पावसात कपाटातल्या नोटांना बुरशी धरते ते वेगळंच.

म्हणून परत कर, पण पाकीट हातात कोंबून "मला नको हे लचांड" असं म्हणून नव्हे. तिला म्हण, चल, दोघी जाऊन भरू. तिच्या नावावर खातं आहेच, गृह आधारचे दरमहा दीड हजार ज्यात येतात ते. त्यात ते अठरा हजार जाऊ देत. स्लिप तिने भरायची. तू शेजारी उभी राहा, रकमेचे अंक अक्षरी कुठे लिहायचे ते बोटाने दाखव, पण पेन तिच्याच हातात राहू दे. मी नोकरी केली ती बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला, आणि वर्षानुवर्षं एकच नाटक पाहिलं. खातं बाईचं, स्लिप भरणार नवरा किंवा भाऊ, आम्ही प्रश्न विचारायचा बाईला, उत्तर बाजूचा देणार, आणि बाई फुलीच्या खुणेवर सही करून बाकावर जाऊन बसणार. त्या बाजूच्या माणसाची जागा घ्यायला तू जाऊ नकोस.

पासबुक गल्ल्यात आहे म्हणतेस. ते उचलून पर्समध्ये ठेवायला कुठला अर्ज लागत नाही. तिला तेवढंही जड जात असेल तर खातेदार म्हणून तिने आधार कार्ड घेऊन शाखेत जावं आणि दुसरं पासबुक मागावं, थोडं शुल्क पडेल. जुनं कार्ड बंद करून नवं घेता येतं. यातल्या कशालाही नवऱ्याची सही लागत नाही. आणि एक गोष्ट हमखास तपासायला लाव: खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? खातं उघडताना फॉर्म नवऱ्याने भरला असेल तर नंबरही त्याचाच असणार. म्हणजे पैसे तिचे, पण आले-गेल्याचा संदेश त्याच्या फोनवर, ओटीपी त्याच्या फोनवर. हा नंबर बदलून तिचा झाल्याशिवाय तिच्या फोनवर यूपीआय चालू होणार नाही, आणि यूपीआय नाही तर तिचा स्वतःचा क्यूआर कोड नाही. सगळी गाडी त्या एका नंबरापाशी अडली आहे. तुझ्या तासभराच्या एसआयपीपेक्षा हा पाच मिनिटांचा फॉर्म तिला जास्त उपयोगी पडेल. पिन टाकायची वेळ आली की तू खिडकीबाहेर बघ.

आता त्या व्हिडिओंबद्दल. मीही असे काही बघते. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम जमवा, मग कुणाची चाकरी करायला नको, हा त्यातला लाडका हिशेब. तो आला अमेरिकेतून. विल्यम बेंगन नावाच्या सल्लागाराने १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून मांडलं की निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीतले चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तर पैसा तीस वर्षं पुरतो. शंभराला चाराने भागलं की पंचवीस, तेच हे पंचवीस पट. आकडे तिथल्या बाजाराचे, महागाई तिथली, आणि माणूस पगारातून निवृत्त होणारा. तुझ्या मैत्रिणीला पगार नाही, घरखर्च किती हे ठाऊक नाही, आणि दूधवाल्याचे पैसेही मागून घ्यावे लागतात. तिला पंचवीस पट सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला आग्वादच्या समुद्रात किती खोल जावं हे सांगण्यासारखं. तिने फोन उचलला नाही यात मला नवल वाटत नाही. ती रागावली असेल असंही नाही. लाजली असेल.

तिला समजणारा हिशेब तिच्या स्वयंपाकघरात आहे. नेवऱ्यांची पुढची ऑर्डर आली की तिच्याकडे जा आणि एका किलोचा खर्च तिच्याकडूनच मांडून घे. मैदा, रवा, सुकं खोबरं, साखर, तीळ, खसखस, वेलची, तेल. मग गॅस. मग डबा किंवा पिशवी. मग साखळीच्या बाजारात जाऊन यायचं भाडं. बहुतेक बायका तेलापाशी थांबतात, कारण गॅस घरचा आणि खोबरं सासरच्या माडाचं. घरचं म्हणून फुकट धरायचं नाही हे तिला आकड्यात दिसू दे. मग तिच्या श्रमाचे तास: पारी लाटणं, कातणीने कड कापणं, तळणं, शेजारणीला मदतीला बोलावलं तर तिला दिलेलं. विकायची किंमत वजा हे सगळं. जो आकडा राहील तो कदाचित लाजिरवाणा लहान असेल, आणि तीच त्या दिवसाची शिकवणी, कारण पुढच्या चतुर्थीला भाव किती सांगायचा हे ती स्वतः ठरवेल. मसाल्याचंही तसंच. मिरची स्वस्त असते त्या दिवसांत मार्च-एप्रिलला घेऊन ठेवायची तर तेव्हा हातात भांडवल हवं. ते नवऱ्याकडे मागायचं की आपल्या खात्यातून काढायचं, हा प्रश्न तिला आपोआप पडेल. तू पाडायची गरज नाही.

एक वही हवी. अॅप नको, वही. डाव्या पानावर आले, उजव्यावर गेले. तुला एक्सेल काढून द्यायचा मोह होईल, तो आवर.

आता सह्यांचं. पत्रात तू हे मध्येच, घाईत लिहून गेलीस, पण मला सगळ्यात गंभीर तेच वाटलं.

आपल्या गोव्यात कायदा वेगळा आहे हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तो कसा चालतो ते फार थोड्यांना ठाऊक असतं. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० पासून लागू झाला आणि मुक्तीनंतरही त्यातला कौटुंबिक भाग चालू राहिला. (वारसाहक्काचा आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या, २०१२ साली संमत झालेल्या कायद्यात आहे.) या कायद्याप्रमाणे, लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर, सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या झाल्या की नवरा-बायकोची मालमत्ता एक होते. त्याची लग्नाआधीची, तिची लग्नाआधीची, दोघांची नंतरची, सगळी. त्यात दोघांचा निम्मा-निम्मा अविभक्त हिस्सा. काही अपवाद आहेत, ते वकील सांगेल. पण सर्वसाधारणपणे त्या हार्डवेअरच्या दुकानात तुझी मैत्रीण अर्धी मालकीण आहे. ती बाहेर उभी राहून पैसे मागते ते स्वतःच्याच गल्ल्यातून.

हे ऐकून तू लगेच तिला फोन लावशील, म्हणून पुढचंही वाच. संसार चालू असताना तो अर्धा वाटा वेगळा काढून हातात मागता येत नाही. तो उघड होतो तो मृत्यू, घटस्फोट किंवा कायद्याने विभक्त होण्याच्या वेळी. आणि मालमत्ता एक होते तशी कर्जंही संसारात शिरतात. रोजच्या जगण्यात हा हक्क तिला दिसतो तो एकाच ठिकाणी: सहीत. घर, जमीन, दुकानाचा गाळा विकायचा किंवा गहाण टाकायचा तर नवऱ्याच्या एकट्याच्या सहीने होत नाही, तिचीही लागते. म्हणून तर कागद घरी येतात आणि "इथे सही कर" असं सांगितलं जातं. तिला वाटतं सही म्हणजे उपचार. बँकेला ती हवी असते कारण तिच्याशिवाय व्यवहार उभा राहत नाही.

आयकरातही गंमत आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ खास गोव्यासारख्या भागांसाठी घातलं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे धंदा, भाडं, व्याज, नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरायचं. पगार मात्र ज्याचा त्याचा, तेव्हा तुझा तुलाच. नवरा दुकानाचं रिटर्न भरत असेल तर त्यात बायकोचं नाव आणि पॅन नंबर लिहावा लागतो. म्हणजे सरकारदरबारी दुकानाच्या नफ्याचा अर्धा भाग तिच्या नावावर दाखवला जातो, आणि तिने तो कागद कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. तिला एवढंच सुचव की या वर्षी रिटर्नची एक प्रत घरात ठेवायला मागून घे. भांडण न करता मागता येईल असा हा कागद आहे, आणि दुकान खरोखर किती कमावतं हे तिला पहिल्यांदा त्यातूनच कळेल. दुसरा कागद घराच्या जागेचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सात-बारा. आपल्याकडे पुष्कळ घरांत त्यावर अजून आजोबांचंच नाव असतं. तसं असलं तर दचकू नका, पण ठाऊक असू दे.

टेम्पोच्या कर्जावर सही झालीच आहे, ती मागे घेता येत नाही. पण कशावर झाली ते कळून घेता येतं. तिने नवऱ्याला किंवा थेट बँकेला विचारायचं: मी सहकर्जदार आहे की जामीनदार? दोन्हींत हप्ते थकले तर बँक तिच्या मागे येऊ शकते. "मी नुसती जामीन होते" याला कायद्यात फारसा अर्थ नाही, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तारण फक्त टेम्पोच आहे की घरही? हप्ता किती, किती वर्षं, व्याज स्थिर की बदलतं? १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना बँकेने 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचा सोपा गोषवारा द्यायचा आहे, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात व्याज, सगळी शुल्कं आणि हप्त्यांचा तक्ता येतो. घरात तो असणारच, बहुधा दुकानाच्या फायलीत, न वाचलेला. दोघींनी बसून वाचा. आणि वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून, म्हणजे सिबिलसारख्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, स्वतःचा अहवाल फुकट मिळतो, तोही काढा. आपल्या नावावर आणखी काय काय आहे ते त्यात दिसतं. आपण कधी काळी चुलत दिरालाही जामीन राहिलो होतो, हे काही जणींना तेव्हा कळतं.

इथून पुढे नियम एकच: कोऱ्या कागदावर सही नाही, आणि वाचायला एक रात्र मागायची. "उद्या सकाळी देते" एवढंच म्हणायचं. नाही म्हणायला तिला जमणार नाही, उद्या म्हणायला जमेल.

पैसे कुठे गुंतवायचे यावर मी फार शाई घालवणार नाही. आधी तीन-चार महिन्यांच्या तिच्या हातखर्चाएवढी रक्कम साध्या बचत खात्यात पडू दे. मग पोस्टातली आवर्ती ठेव, महिना शंभर रुपयांपासून होते, पाच वर्षांची. मग पीपीएफ, म्हणजे सरकारी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, वर्षाला किमान पाचशे, पंधरा वर्षांची मुदत. पीपीएफचा तिच्या बाबतीत एक खास फायदा आहे: खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकमानेही त्या रकमेवर जप्ती येत नाही. जी बाई टेम्पोच्या कागदावर सही करून बसली आहे तिला याचं मोल वेगळं सांगायला नको. गृह आधारचे दीड हजार न मोडता दरमहा बाजूला टाकले आणि व्याज सात टक्के धरलं, तर पंधरा वर्षांत भरले जातात दोन लाख सत्तर हजार आणि हाती येतात पावणेपाच लाखांच्या आसपास. योजना तोवर राहील की नाही देव जाणे, पण आकडा तिला दाखव. एसआयपी त्यानंतर, तिने आपणहून विचारलं तर.

कुणी नातलग "आमच्या पतसंस्थेत टाक, जास्त व्याज" म्हणून येईलच. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये रद्द केला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. पण त्या बँका होत्या, म्हणून ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच होतं. पतसंस्थेला ते कवच नाही. बचत गट असेल तर जरूर जाऊ दे, तिथे बायका एकमेकींच्या देखत हिशेब बोलतात, त्याचा उपयोग व्याजापेक्षा जास्त. भिशीचं मात्र ओळखीपुरतंच ठेवा.

आता तुझा तो प्रश्न, नाक खुपसण्याचा. नवऱ्याशी तू एक अवाक्षर बोलू नकोस, म्हणजे खुपसलं असं होणार नाही. तू त्याला शिकवायला गेलीस तर तो तुझ्याशी भांडणार नाही, तुझं येणं बंद करेल. बोलायचं ते तिने, आणि तेही हक्काच्या भाषेत नको. "मसाल्याचे पैसे आता माझ्या खात्यावर घेते, सामानही त्यातूनच भरते, तुमच्याकडे मागायला नको" हे वाक्य बहुतेक नवऱ्यांना गोड लागतं, कारण त्यात त्यांचा खर्च कमी होताना दिसतो. खातं लपवावं असं माझं मत नाही. रोज त्याची जाहिरातही नको.

त्या माणसाचीही एक बाजू बघ. खाणीवर ट्रक होता म्हणतेस. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे कशाबशा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चमध्ये पुन्हा बंद. ट्रक दारात आणि हप्ते चालू, हे डिचोली-साखळीत कुणाला समजावून सांगायला नको. अशातून गेलेला माणूस पैसा मुठीत घट्ट धरतो, तो नेहमीच बायकोला दाबायला नसतो. त्याला हेही उमगू शकेल की एकाच कमाईवर घर उभं असणं म्हणजे काय ते त्याने दोनदा भोगलं आहे, आणि मसाल्याचं वेगळं खातं हा त्या घराचा दुसरा खांब होऊ शकतो. पण हे त्याला सुचलं पाहिजे, किंवा तिने संध्याकाळच्या चहाला सांगितलं पाहिजे.

तुझं वर्णन खरं मानून मी हे लिहितेय. तिने कार्ड मागितल्यावर घरात वातावरण बदललं, खर्चाला पैसे देणं बंद झालं, तिचे दागिने विचारल्याशिवाय गहाण गेले, तर गोष्ट वेगळी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळ हाही छळच धरला आहे. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. नंबर तिच्या फोनमध्ये टाकून ठेव, तुझ्या नव्हे.

'अडाणी' शब्दाबद्दल मोठी क्षमा मागत बसू नकोस, तिला आणखी अवघडल्यासारखं होईल. पुढच्या वेळी तुझ्या कंपनीत मसाल्याच्या चार ऑर्डरी मिळवून दे आणि भाव तिलाच सांगायला लाव. तिने कमी सांगितला तर गप्प राहा. हे तुला सगळ्यात कठीण जाईल. तिने वही आठवडाभर लिहून सोडून दिली, पासबुक परत गल्ल्यात गेलं, तरी गप्प राहा. शहाणपणाने नव्हे, साध्या हिशेबाने सांगते: ती पंधरा वर्षं एका पद्धतीने जगली आहे, आणि तिच्या घरात तुला नव्हे, तिला राहायचं आहे.

मुलीला शिकव, पण तिच्या आईला विचारून आणि आईच्या समोर. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेत स्वतःच्या नावाचं बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं, रक्कम आणि सोयींवर प्रत्येक बँकेची मर्यादा असते. चतुर्थीला पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे त्यात भरायचे, वही आईच्याच वहीशेजारी. बहुतेक घरांत पुढे असं होतं की मुलगी आईला यूपीआय शिकवते, आणि ते आईला मैत्रिणीने शिकवण्यापेक्षा सोपं जातं. शाखेत जाताना मुलीचं आधार, जन्मदाखला आणि फोटो घ्या, आईचं आधार आणि पॅनही असू दे. आणि मुलीच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते निघण्याआधी बघून घ्या, नाहीतर दुकानात फोन करून ओटीपी मागावा लागेल.